व्यापार सोडलेला वसईकर : संत गोन्सालो गार्सिया



दरवर्षी 6 फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानच्या सव्वीस रक्तसाक्षींचे स्मरण करते. जगभरच्या दिनदर्शिकेत हा दिवस संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांच्या नावे आहे. त्या सोबत्यांपैकी एक जण आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले, वसईचे. त्यांचे नाव संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये संतपदाचा मान प्रथम त्यांना मिळाला. वसईकडील आपल्या कुटुंबांना हे नाव लहानपणापासून ठाऊक आहे. इतरांपैकी अनेकांनी ते एखाद्या चर्चच्या किंवा कॉलेजच्या पाटीवर वाचले असेल. पण हा माणूस कोण, त्याने काय सोडले आणि कशासाठी सोडले, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या रविवारी हे पान त्यांच्यासाठी.

त्यांची आठवण आम्हाला झाली ती एका घराच्या आशीर्वादाच्या वेळी. आपल्या द्रोणागिरीत नव्या इमारती भराभर उभ्या राहत आहेत आणि घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्हाला वरचेवर बोलावणे येते. अशाच एका नव्या फ्लॅटमध्ये आम्ही वेदीची जागा कोणती, असे सहज विचारले. पती-पत्नी एकमेकांकडे पाहू लागले. मोठ्या भिंतीवर टीव्हीचे युनिट बसले होते, दुसऱ्या भिंतीला सोफा होता, तिसऱ्या बाजूला खिडकी. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर अजून खोक्यातच होती. माणसे मनाने चांगली आहेत. घराचे हप्ते फेडण्यासाठी दोघेही राबतात, एकाला कंटेनर यार्डात रात्रपाळी असते. आम्हाला त्यांचा राग आला नाही. पण परतताना मनात एक प्रश्न घोळत राहिला. आपण वाईट नसतो, श्रद्धाही सोडलेली नसते, तरी आपल्या घरात तिला जागा शेवटी का मिळते? आणि या प्रश्नासोबत सव्वाचारशे वर्षांपूर्वीचा हा वसईकर व्यापारी आठवला.

वसईचा मुलगा

1534 साली गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. आपले उरण आणि करंजाही त्या काळी त्याच अमलाखाली होते. वसईच्या किल्ल्यात धर्मसंघांचे मठ होते, शाळा होत्या, खाडीकाठी जहाजे बांधली जात. अशा गजबजलेल्या बंदरात 1556-57 च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथल्याच भूमीतली. पोर्तुगिजांच्या दृष्टीने असा मुलगा पुरता आपला नसे आणि गावाच्या दृष्टीनेही नसे. ही मधली जागा त्यांच्या वाट्याला जन्मतःच आली.

त्यांचे शिक्षण किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेखाली झाले. वसईला त्याआधी संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय लागले होते. 1549 मध्ये झेवियर जपानला पोहोचले आणि तेव्हापासून जपानच्या मिशनकार्याच्या वार्ता इथल्या शाळांमध्ये सांगितल्या जात. दूर समुद्रापलीकडच्या त्या देशाचे वेड या मुलाला लागले. 1572 च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, गोन्सालो येशूसंघीयांबरोबर जपानला निघाले. आजचा दहावीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्या वयात आई-वडिलांचा निरोप घेऊन, महिनोन्महिन्यांचा शिडाच्या जहाजाचा प्रवास करून, जेथली भाषा येत नाही अशा देशात जायचे!

जपानमध्ये त्यांनी मन लावून जपानी भाषा शिकली. धर्मशिक्षक म्हणून ते मुलांना आणि मोठ्यांना शिकवू लागले, धर्मगुरूंचे बोलणे लोकांना समजावून सांगू लागले. बोलण्यात गोडवा होता, स्वभाव मिळून मिसळून राहण्याचा होता. लोक त्यांच्याकडे ओढले जात. अशी सुमारे आठ वर्षे गेली.

बंद झालेले दार

या वर्षांत गोन्सालो यांच्या मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. ज्यांच्याबरोबर ते राबले, ज्यांच्या हाताखाली वाढले, त्यांच्यापैकी एक व्हावे असे त्यांना वाटे. ती इच्छा पूर्ण झाली नाही. प्रवेश नाकारला गेला. कारणांविषयी अनेक तर्क केले जातात. एवढे मात्र खरे की त्या काळी पूर्वेकडील वसाहतीत जन्मलेल्या, मिश्र कुळातल्या तरुणाला युरोपीय धर्मसंघात प्रवेश मिळणे फार कठीण होते. ख्रिस्तसभेची माणसेही आपापल्या काळाच्या पूर्वग्रहांतून सुटलेली नसतात. हे लपविण्यात अर्थ नाही. संतांच्या चरित्रात आपण चमत्कार उत्साहाने सांगतो आणि अशी दुखरी जागा गाळतो. पण आम्हाला वाटते, गोन्सालो यांचे संतपण समजून घ्यायचे तर इथेच थांबून विचार केला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामातही अशी काही मंडळी आहेत. कोणाला एखाद्या धर्मगुरूचे बोलणे लागले आहे. कोणाच्या घरच्या दुःखात चर्चकडून कोणी आले नाही. कोणाचे नाव समितीतून वगळले गेले. त्यांनी रविवारची मिस्सा सोडली आहे. त्यांचा सल खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही वेळा चूक आमचीच असते. पण गोन्सालो यांच्या वाट्याला आलेली जखम याहून खोल होती. तारुण्यातली आठ वर्षे देऊन शेवटी नकार मिळाला होता. माणसांनी दार लावले म्हणजे देवाने दार लावले असे त्यांनी मानले असते, तर आज हे पान लिहिण्याचे कारणच उरले नसते.

व्यापारी गोन्सालो

गोन्सालो यांनी व्यापाराची वाट धरली. त्या काळी पूर्वेकडच्या समुद्रात चीनचे रेशीम आणि जपानची चांदी यांचा मोठा व्यापार चाले. नागासाकी बंदर 1571 मध्ये पोर्तुगीज जहाजांसाठी खुले झाले होते. ज्याला जपानी भाषा येते, लोकांचे रीतिरिवाज ठाऊक आहेत आणि ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, अशा माणसाला या बाजारात काय कमी? गोन्सालो यांचा जम लवकर बसला. व्यवहार एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पसरत गेला. पैसा आला, ओळखी आल्या, मान आला. ज्या तरुणाला धर्मसंघाने घेतले नव्हते, त्याच्याकडे आता मोठमोठे लोक कामासाठी येत.

आपण न्हावा शेवा बंदराच्या सावलीत राहणारी माणसे आहोत. 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि आपल्या परिसराचे जीवनच बदलले. आपल्यापैकी कोणी यार्डात आहे, कोणी क्लीअरिंगच्या कामात आहे, कोणी ट्रेलरच्या धंद्यात, कोणी जहाजावर सहा-सहा महिने. म्हणून व्यापार म्हणजे पाप असे आम्ही या पानावर लिहिणार नाही, आणि तसे ते नाहीही. गोन्सालो यांनी व्यापार केला म्हणून त्यांना कोणी कमी लेखलेले नाही. प्रामाणिकपणे मिळविलेली भाकर ही देवाची देणगी आहे. जमिनीचा प्रश्नही असाच आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात आपल्या जमिनीला न्याय्य मोबदला मिळावा म्हणून लढणाऱ्या पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क प्रकल्पग्रस्तांना मिळाला. आपल्या हक्कासाठी उभे राहणे याला कोणी लोभ म्हणू नये.

मग अडचण कुठे आहे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला साध्य आणि साधन यांतला भेद घोकावा लागे. संत ऑगस्टीन यांनी तो फार सोप्या रीतीने मांडला आहे. काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि देव तेवढा असा आहे की ज्याच्यात आपल्या जिवाने विसावा घ्यावा. माणूस घोटाळा करतो तो इथे. वापरायच्या वस्तूंत तो विसावा शोधतो आणि देवाला मात्र वापरू पाहतो. भूखंडाचे काम व्हावे म्हणून नोव्हेना करायची आणि काम झाले की नोव्हेना विसरायची, हे त्याचेच उदाहरण. घर राहण्यासाठी होते, हळूहळू आपणच घरासाठी राहू लागतो.

गोन्सालो यांच्याकडे आता सर्व काही होते; पण विसावा नव्हता. व्यापाराच्या धावपळीतही त्यांची प्रार्थना सुटलेली नव्हती आणि पंधराव्या वर्षी ज्या कामासाठी घर सोडले ती हाक मनातून गेली नव्हती. व्यापारानिमित्त ते फिलिपिन्समधील मनिलाला जात-येत. तेथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन बंधूंशी पडली.

मनिलातला निर्णय

असिसीकर संत फ्रान्सिस हेही एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव होते, हे आपणास माहीत आहे. त्यांचे अनुयायी अनवाणी फिरत, भिक्षेवर राहत, कुष्ठरोग्यांची सेवा करीत. त्यांच्याकडे पाहून गोन्सालो यांना आपली वाट सापडली. त्यांनी व्यवहार आवरला, संपत्तीचा त्याग केला आणि मनिलाच्या फ्रान्सिस्कन मठात धर्मबंधू म्हणून प्रवेश घेतला. धर्मगुरू म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. धर्मबंधूच्या वाट्याला स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा, दारावर आलेल्याची विचारपूस अशी कामे येत. वेदीवर उभे राहण्याचा मान नव्हता, ना मोठी पदवी. ज्याच्या हाताखाली काल माणसे काम करीत होती, तो आज दुसऱ्यांच्या हाताखाली काम करू लागला.

शुभवर्तमानात मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला आहे. एक अति मोलाचे मोती दिसताच त्याने असेल नसेल ते विकून ते विकत घेतले. आम्ही अनेकदा त्यावर प्रवचन केले आहे. पण त्या दाखल्यातला माणूस व्यापारी आहे, हे गोन्सालो यांच्यामुळे आमच्या नीट ध्यानात आले. त्याने सर्व विकले ते जगाचा कंटाळा येऊन नव्हे. किंमत कळणाऱ्या माणसाने केलेला तो हिशेब होता. गोन्सालो यांना रेशमाची किंमत कळत होती, चांदीची कळत होती. म्हणूनच त्यांनी जे निवडले त्याला वजन आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा त्याग सोपा असतो, असे नाही. पण ज्याच्या मुठीत जग आले आहे त्याने ती मूठ उघडणे हे फार विरळ.

शुभवर्तमानातल्या त्या श्रीमंत तरुणाचीही इथे आठवण होते. प्रभूने बोलावले आणि तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता पुष्कळ होती. त्याचे नावसुद्धा शुभवर्तमानात दिलेले नाही.

दुभाषा

गोन्सालो यांना जपान पुन्हा पाहायला मिळेल असे कोणाला वाटले नसेल. त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य सेनानीच्या हाती होती. त्याने 1587 मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. पण त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. आता त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरणागतीची मागणी केली. उत्तर देण्यासाठी 1593 साली गव्हर्नरांनी एक शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता आणि त्यांचे दुभाषे बंधू गोन्सालो गार्सिया.

देवाची योजना पाहा. येशूसंघीयांच्या सेवेत शिकलेली भाषा, व्यापारात मिळालेले लोकांचे आणि दरबारांचे ज्ञान, सारे आता कामी आले. नकारापूर्वीची आठ वर्षे वाया गेली नव्हती आणि व्यापाराची वर्षेही वाया गेली नव्हती. हिदेयोशीसमोर गोन्सालो अस्खलित जपानीत बोलले. शिष्टमंडळाला देशात राहण्याची परवानगी मिळाली आणि पुढे क्योतो येथे जागा मिळाली. तेथे 1594 मध्ये चर्च उभे राहिले. त्याच्या शेजारी त्यांनी रुग्णालये सुरू केली. तेथे मुख्यतः कुष्ठरोग्यांची सेवा होत असे. ज्यांना घरच्यांनी टाकले होते त्यांच्या जखमा धुणाऱ्यांमध्ये हा वसईचा माजी व्यापारीही होता. अनेक जपानी भाविक त्यांच्या मदतीला आले. त्यांत संसारी माणसे होती, कारागीर होते, मिस्सेला मदत करणारी लहान मुले होती.

एका जहाजाचा माल

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. जहाज मौल्यवान मालाने भरलेले होते. बंदराच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला अशा मालाचे मोल वेगळे सांगायला नको. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो माल जप्त केला. वाद वाढला. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो आणि मग सैन्य, अशा अर्थाचे काहीतरी जहाजावरच्या एका खलाशाने बढाईच्या भरात सांगितले, अशी हकीकत आहे. वसाहतींच्या त्या काळात हिदेयोशीच्या मनातला संशय सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून आले की संशय येणारच, आणि त्याची किंमत निरपराध माणसांना मोजावी लागते. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या अनुयायांना मृत्युदंड फर्मावला.

आम्ही या प्रसंगापाशी नेहमी थबकतो. गोन्सालो यांनी मालाच्या राशी कधीच्याच मागे टाकल्या होत्या. त्यांच्या अंगावर एक झगा तेवढा होता. तरी त्यांचा मृत्यू ओढवला तो एका जहाजाच्या मालावरून झालेल्या तंट्यातून. ज्यांना माल हवा होता ते मालासाठी भांडले आणि ज्याला तो नको होता त्याचा प्राण गेला. संसाराचा लोभ असा असतो. तो ज्याच्या मनात आहे त्याच्यापुरता कधीच थांबत नाही. घराच्या वाटणीवरून दोन भाऊ कोर्टात जातात आणि भोगते म्हातारी आई.

नागासाकीची वाट

डिसेंबर 1596 मध्ये क्योतोच्या मठाभोवती पहारा बसला. 3 जानेवारी 1597 रोजी कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि त्यांना गाड्यांतून शहरभर फिरविण्यात आले. लोकांनी पाहावे आणि घाबरावे हा हेतू होता. मग ऐन हिवाळ्यात, बर्फातून आणि चिखलातून, नागासाकीकडे प्रवास सुरू झाला. अंतर सुमारे 800 किलोमीटर आणि काळ सुमारे महिनाभराचा. निघताना चोवीस जण होते. वाटेत त्यांची सेवा करण्यासाठी मागोमाग येणारे दोघे पहारेकऱ्यांनी त्यांच्यातच धरले. असे सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा सामान्य भाविक.

या घोळक्यात तीन मुले होती. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात या वयाची मुले बसतात. थॉमसचे वडीलही त्याच्याबरोबर मरणाच्या वाटेवर होते. वाटेत त्याने आईला पत्र लिहून तिची समजूत घातली आणि धाकट्या भावांना श्रद्धेत वाढवण्याची विनंती केली. शिक्षेची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला छोट्या लुईची दया आली. श्रद्धा सोडलीस तर तुला वाचवतो आणि माझ्या पदरी ठेवतो, अशी त्याने तयारी दाखविली. मुलाने ती नाकारली. आपण मुलांना चांगल्या शाळेत घालण्यासाठी, क्लासेससाठी धडपडतो आणि ते योग्यच आहे. पण असे मन त्यांच्यात घडावे म्हणून आपण काय करतो, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

येशूसंघात प्रवेश मिळाला नाही म्हणून व्यापारात गेलेले गोन्सालो आता येशूसंघीयांबरोबर एकाच वाटेने, एकाच क्रूसाकडे चालले होते. त्यांपैकी पॉल मिकी हे उत्तम वक्ते होते. त्या काळी जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात कार्यपद्धतीवरून मतभेद होते, कटुताही होती. नागासाकीच्या वाटेवर मात्र ते सारे एक झाले. जे बैठकांत सुटले नव्हते ते क्रूसाच्या वाटेवर सुटले.

5 फेब्रुवारी 1597

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. परंपरा सांगते की टेकडीवर पोहोचताच गोन्सालो पुढे झाले, हा माझा क्रूस का, असे विचारून त्यांनी एका क्रूसापुढे गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली. क्रूसावर सर्वांत आधी त्यांनाच चढविण्यात आले, असेही सांगतात. जपानी रीतीप्रमाणे त्यांना कड्यांनी व दोऱ्यांनी जखडून क्रूस उभे करण्यात आले. मुले स्तोत्रे गात होती. पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच जमलेल्या लोकांना उपदेश केला आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. मग दोन्ही बाजूंनी भाले चालले. गोन्सालो त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते.

आम्हीही चाळिशी ओलांडली आहे. या वयात माणूस मागे वळून आपण काय कमावले याचा हिशेब करतो. हिशेब करताना गोन्सालो यांच्या नावे काहीच दिसत नाही. घर नाही, पैसा नाही, गुरुदीक्षाही नाही. तरी त्यांच्या मृत्यूनंतर 1627 मध्ये त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्या सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. हिदेयोशी 1598 मध्ये, म्हणजे अवघ्या दीड वर्षात मरण पावला आणि काही वर्षांत त्याच्या घराण्याची सत्ताही गेली. जपानमध्ये पुढे ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. धर्मगुरू नाहीत, मिस्सा नाही, चर्च नाही, अशा स्थितीत तेथील भाविकांनी दोनशेहून अधिक वर्षे गुपचूप आपली श्रद्धा जपली. घरात बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना शिकविल्या. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीत, सव्वीस रक्तसाक्षींच्याच नावे बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये हे लपलेले ख्रिस्ती लोक पुढे आले तेव्हा तेथले फ्रेंच धर्मगुरू थक्क झाले. निशिझाका टेकडीवर 1962 मध्ये या सव्वीस जणांचे स्मारक उभारले गेले. पोप दुसरे जॉन पॉल 1981 मध्ये आणि पोप फ्रान्सिस 2019 मध्ये तेथे जाऊन नतमस्तक झाले. त्या ओळीत आपला वसईकर उभा आहे.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, देव आपल्यापैकी बहुतेकांना धंदा सोडून मठात या असे सांगणार नाही. त्या सव्वीस जणांपैकी सतरा जण साधे भाविकच होते, हे विसरू नये. प्रश्न एवढाच आहे की दोन गोष्टी समोर आल्या की आपण कोणती आधी धरतो. जादा पाळीचे पैसे आणि रविवारची मिस्सा, खोट्या कागदावरची सही आणि शांत झोप, वाटणीतला एक गुंठा आणि भावाशी बोलणे. नागासाकीची टेकडी आपल्या वाट्याला येणार नाही. पण अशा लहान टेकड्या दर आठवड्याला येतात.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. पहिली, घरातल्या सर्वांनी मिळून एक दिवस तरी संध्याकाळची रोझरी म्हणावी. कोणाची पाळी असेल तर वेळ बदलावी, पण रोझरी टाळू नये. दुसरी, चर्चवर रुसून घरी बसलेला कोणी आपल्या इमारतीत असेल तर त्याला भेटावे. त्याला उपदेश करू नये, गोन्सालो यांची गोष्ट सांगावी. तो आम्हाला भेटू इच्छित असेल तर आम्ही त्याच्या घरी येऊ आणि आमची चूक असेल तर ती मान्य करू. तिसरी, आपल्या घरातली वेदी कुठे आहे ते पाहावे. जागा लहान असली तरी चालेल.

ज्या घराविषयी आम्ही सुरुवातीला लिहिले, तेथे त्या दिवशी आम्ही तसबीर खोक्यातून काढायला लावली. टीव्हीच्या युनिटमधला एक कप्पा ताईंनी रिकामा केला, पुसून घेतला आणि तेथे मेणबत्ती लावली. पुढे दादांनी आम्हाला फोन करून सांगितले की रात्रपाळीला निघताना ते आता तेथे क्षणभर उभे राहतात.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, तुझा सेवक गोन्सालो याने नकार पचविला, संपत्ती मागे टाकली आणि तुझ्या क्रूसाला मिठी मारली. आमच्या हातांना प्रामाणिक काम दे, आमच्या घरांना पुरेशी भाकर दे, आणि या सर्वांहून तू आम्हाला अधिक प्रिय वाटावास अशी कृपा कर. समुद्रावर आणि बंदरात राबणाऱ्या आमच्या माणसांना सुखरूप ठेव. आमेन.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू